बॅरिॲट्रिक सर्जरीसाठी थेरपिस्ट निवडताना दुसऱ्या वर्षाचा विचार करा

बॅरिॲट्रिक सर्जरीची, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोट लहान करण्याच्या ऑपरेशनची, तारीख ठरत आली की हॉस्पिटलमधून तपासण्यांची यादी हातात येते. रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, टू-डी इको, झोपेची तपासणी, आणि त्यातच कुठेतरी एक ओळ असते: सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन. बहुतेक जण ही ओळ एक्स-रेसारखीच उरकतात. हॉस्पिटलने सांगितलेल्या माणसाकडे जायचं, प्रश्नावली भरायची, सही-शिक्का घेऊन कागद फाइलला लावायचा. ऑपरेशनपुरतं ते भागतंही. अडचण येते वर्ष-दीड वर्षाने. वजन उतरायचं थांबतं, लोकांचं कौतुक ओसरतं आणि जुन्या खाण्याच्या सवयी हळूच डोकं वर काढतात. तेव्हा फोन करायला ओळखीचं कोणी नसतं, आणि ज्याने सही केली त्याला तुमचं नावही आठवत नाही.

म्हणून शोधतानाच मनाशी एक प्रश्न धरा: ऑपरेशननंतर अठराव्या महिन्यात ही व्यक्ती मला भेटेल का, आणि तेव्हा तिचा उपयोग होईल का? पदवी, फी, अंतर, भाषा हे सगळं याच प्रश्नाच्या आधाराने तोलायचं.

तपासणी वेगळी, थेरपी वेगळी

ऑपरेशनआधीची मानसिक तपासणी म्हणजे एक-दोन बैठकांचं काम. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७, दारूसाठी ऑडिट, खाण्यावरचा ताबा सुटतो का हे पाहण्यासाठी बिंज ईटिंग स्केल, अशा प्रश्नावल्या भरून घेतात. मग बोलणं होतं. वजन कधीपासून वाढलं, आजवरची डाएट किती टिकली आणि कशामुळे मोडली, रात्री उठून खाता का, पूर्वी जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला होता का, घरी कोण बघणार. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) आणि बायपास (जठर लहान करून आतड्याला वेगळ्या वाटेने जोडणं) यांमधला फरक तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगता येतो का आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत हे ठाऊक आहे का, हेही विचारलं जायला हवं. शेवटी तीनपैकी एक निष्कर्ष निघतो: हरकत नाही, अमुक गोष्टी सांभाळून करा, सध्या थांबा.

‘थांबा’ची कारणं मोजकी आहेत. चालू असलेलं दारूचं किंवा इतर व्यसन, आटोक्यात नसलेलं तीव्र नैराश्य किंवा सायकोसिस (भास-भ्रम होण्याचा आजार), खाऊन मुद्दाम उलटी काढण्याची सवय. नैराश्याची गोळी चालू आहे एवढ्यावरून कोणी ऑपरेशन नाकारत नाही. उपचार चालू आहेत आणि तब्येत स्थिर आहे, याकडे उलट जमेची बाजू म्हणूनच पाहतात. तरी बरेच जण गोळ्या लपवतात, रोजचे दोन पेग ‘कधीतरी’ म्हणून सांगतात. लपवलेली गोष्ट ऑपरेशननंतर जास्त महाग पडते, ते पुढे येईलच.

ही भेट ऑपरेशनच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी ठेवा. नैराश्य निघालं तर गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. बिंज ईटिंगची सवय निघाली तर तिच्यावर काम सुरू करायलाही वेळ लागतो. ॲडमिट होण्याच्या आदल्या आठवड्यात काही निघालं की दोनच पर्याय उरतात, तारीख रद्द करणं किंवा डोळेझाक करणं. पैसे भरून झालेले असतात, रजा मंजूर झालेली असते, गावाहून आई येऊन राहिलेली असते. मग डोळेझाकच होते.

तपासणी करणाराच पुढे तुमचा थेरपिस्ट झाला तर चालेल का? चालेल, फक्त पहिल्याच भेटीत विचारून घ्या: ‘आपल्या बोलण्यातलं सर्जनपर्यंत काय जाईल आणि काय जाणार नाही?’ तपासणीचा अहवाल सर्जनसाठीच असतो. थेरपीतलं बोलणं मात्र खासगी असतं. ही रेघ जो स्पष्ट आखून देत नाही, त्याच्यापाशी तुम्ही मोकळं बोलणार नाही, आणि मग पैसे वाया.

पाटीवरच्या पदव्या वाचायच्या कशा

ठाण्यातल्या गोखले रोडपासून नवी मुंबईत खारघरच्या सेक्टरांपर्यंत ‘काउन्सेलिंग’ लिहिलेल्या पाट्या खूप आहेत. त्यामागे तीन वेगळ्या प्रकारची माणसं असतात, आणि तिघांची कामं वेगळी.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहू शकतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे साधारणपणे क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं एमफिल किंवा सायडी केलेली आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंद असलेली व्यक्ती. चाचण्या, निदान आणि थेरपी हे तिचं क्षेत्र. तिसरा समुपदेशक. एमए काउन्सेलिंग सायकॉलॉजी झालेले, चांगल्या देखरेखीखाली घडलेले समुपदेशक उत्तम काम करतात. पण या पाटीखाली पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेली व्यक्तीही बसलेली असू शकते.

पडताळणी पाच मिनिटांची आहे. आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यावसायिकांची यादी आहे, त्यात नाव किंवा सीआरआर क्रमांक, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक, घालून पाहा. नाव सापडलं की दोन गोष्टी बघा: नोंद ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणूनच आहे ना (त्याच यादीत विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्टही असतात), आणि मुदत संपलेली नाही ना. समुपदेशकाला सरळ विचारा: पदवी कुठली, किती वर्षं काम, सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कोणाकडे घेता? सुपरव्हिजनच्या प्रश्नाने ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याला नमस्कार करून पुढे जा.

ऑपरेशनआधीची तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिॲट्रिस्टकडूनच करून घ्या. नंतरची थेरपी अनुभवी समुपदेशकाकडे चालेल, पण एक अट आहे: गोळ्या चालू असतील, किंवा पूर्वी बिंज ईटिंग, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यापैकी काही झालं असेल, तर सोबत सायकिॲट्रिस्ट हवाच. हॉस्पिटलची डाएटिशियन कितीही मायेने बोलत असली, तरी ती थेरपिस्ट नाही. लाइफ कोचही नाही.

ठाणे-नवी मुंबईत शोध कुठून सुरू करायचा

सर्जनच्या टीमपासूनच करा, पण नाव एकच घेऊ नका, तीन मागा. आणि प्रश्न असा विचारा: ‘तुमचे जुने पेशंट ऑपरेशननंतर कोणाकडे टिकून आहेत?’ ‘चांगलं कोण’ असं विचारलं की व्हिजिटिंग कार्ड मिळतं. ‘टिकून कोणाकडे आहेत’ विचारलं की को-ऑर्डिनेटर जरा थांबून आठवते. ते आठवलेलं नाव कामाचं. टीमचा पेशंटांचा सपोर्ट ग्रुप असेल तर ऑपरेशनच्या आधीच एखाद्या बैठकीला जाऊन बसा आणि दोन वर्षं उलटलेल्या लोकांशी बोला. तीन महिनेवाले सगळे खुशीत असतात, त्यांच्याकडून या बाबतीत फार कळत नाही.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मराठीतून थेरपी हवी असणाऱ्यांसाठी ती स्वाभाविक पहिली विचारपूस. फोनवर फक्त एवढं स्पष्ट करा की खाण्याच्या विकारांवर काम केलेला थेरपिस्ट हवा आहे. १९०१ पासून असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी, कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळ आणि कामोठ्याची मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं हे खिशाला परवडणारे पर्याय. तिथे निदान आणि गोळ्यांचं काम नीट होतं. गर्दीमुळे दर आठवड्याला निवांत पाऊण तास मिळणं मात्र कठीण, तेव्हा गोळ्या तिथून आणि थेरपी दुसरीकडे, अशी विभागणी करायला काहीच हरकत नाही. ऐरोली, महापे, रबाळेच्या आयटी कंपन्यांत असाल तर एचआरकडे ईएपीची, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी कंपनीने ठेवलेल्या समुपदेशन सेवेची, चौकशी करा. त्यातून काही बैठका फुकट मिळतात. त्या ओळखीपुरत्या वापरा. ठरावीक बैठकांनंतर ते दार बंद होतं, आणि आपल्याला माणूस हवाय दोन वर्षांसाठी.

अंतराचा विचार भावनेने करू नका, वेळापत्रकाने करा. कासारवडवलीहून संध्याकाळी सहाला निघून घोडबंदर रोडने नौपाड्यात पोहोचणं दोन-तीनदा उत्साहाने होतं, मग एकेक बैठक गळायला लागते. घणसोली, कोपरखैरणेकरांना त्यापेक्षा ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठणं सोपं, गाडी बदलायची भानगड नाही. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असलेला साधा क्लिनिकवाला हा रिक्षाच्या रांगेपलीकडच्या नामवंतापेक्षा बरा, हे आमचं ठाम मत.

पहिला महिना ऑनलाइनच घ्या. टाके ओले असतात, थकवा असतो, घोट-घोट पाणी पीत राहावं लागतं. व्हिडिओवर बोलताना खरी अडचण घरातल्या जागेची. वन-बीएचकेमध्ये सासूबाई हॉलमध्ये आणि मुलं बेडरूममध्ये असताना सासूबाईंविषयी काय बोलणार? बंद गाडी, सोसायटीच्या गच्चीचा जिना, ऑफिसची मीटिंग रूम, यापैकी काय जमतं ते आधी ठरवा आणि इयरफोन वापरा. समोरासमोरच्या बैठकीला जाताना पाण्याची बाटली घेऊन जा. मध्ये मध्ये घोट घेईन, असं थेरपिस्टला सांगून ठेवा म्हणजे संकोच वाटत नाही.

दहा मिनिटांचा फोन

अपॉइंटमेंट पक्की करण्याआधी थेरपिस्टशी थेट दहा मिनिटं बोलायला मागा. रिसेप्शनवरून पुढे जोडतच नसतील तर व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवा. विचारायचं हे:

– बॅरिॲट्रिक सर्जरीच्या किती पेशंटांबरोबर तुम्ही ऑपरेशननंतरही वर्षभरापेक्षा जास्त काम केलंय?
– खाण्यावरचा ताबा सुटणं आणि येता-जाता तोंडात टाकत राहणं, या दोन्हींवर तुम्ही कसं काम करता?
– माझ्या सर्जनशी आणि डाएटिशियनशी, माझी लेखी संमती असेल तर, बोलाल का?
– मधल्या काळात बैठका थांबल्या आणि वर्षाने परत आलो, तर जागा मिळेल का?
– फी किती, बैठक किती मिनिटांची, आयत्या वेळी रद्द केली तर काय?

उत्तराच्या शब्दांपेक्षा त्याची जात बघा. ‘बॅरिॲट्रिकचे पेशंट मी थोडे पाहिलेत, पण ईटिंग डिसऑर्डरवर सीबीटीने काम करते, तुमच्या डाएटिशियनशी बोलून घेईन’ हे उत्तम उत्तर आहे, जरी आकडा लहान असला तरी. सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन यांची साखळी पकडून बदलण्याची पद्धत. बिंज ईटिंगवर तिचा पुरावा चांगला आहे. आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ पद्धत, आपल्याकडे बरीच रुजलेली आहे आणि तिचाही उपयोग होतो. ‘मी सगळ्याच पद्धती वापरतो’ यातून मात्र काही कळत नाही. ‘सर्टिफिकेटची काळजी करू नका, देऊन टाकू’ असं तपासणीआधीच फोनवर कोणी म्हणालं, तर फोन ठेवा. वजनाचा आकडा कबूल करणारा, स्वतःची प्रोटीन पावडर विकणारा, संमोहनाने भूक घालवून देतो म्हणणारा आणि चालू गोळ्या बंद करायला सांगणारा बिगर-डॉक्टर, हे सगळे याच टोपलीत.

पहिल्या तीन बैठकांत काय दिसायला हवं

पहिली बैठक माहितीत जाते, ते ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत खाण्याची नोंदवही सुरू झालेली असावी. डाएटिशियनच्या वहीत काय आणि किती खाल्लं ते असतं. इथे कधी, कुठे, कोणासोबत, भूक दहापैकी किती आणि मनात काय चाललं होतं, हे लिहायचं. एक नमुना पाहा:

‘शुक्रवार, संध्या. ६.४०. ऑफिसातून घरी. ओट्यापाशी उभ्याने अर्धी वाटी फरसाण. भूक २. डोक्यात सोमवारची मीटिंग. ६.५५ ला परत मूठभर. जेवण नेहमीसारखं ९ ला.’

जाणता थेरपिस्ट यात फरसाणाला दोष देत बसणार नाही. तो दुपारी किती वाजता खाल्लं होतं ते विचारेल, कारण जेवण एकला झालं असेल तर पावणेसातपर्यंत पावणेसहा तासांचा खड्डा पडला आहे. भूक २ असताना हात डब्याकडे गेला, म्हणजे ही भूक पोटातली नव्हती. उभ्याने खाल्लं, म्हणजे ते ‘जेवण’ म्हणून मोजलंच गेलं नाही. आणि स्लीव्ह झालेली असूनही दोनदा खाता आलं, कारण फरसाण, बिस्किटं, वेफर्स, आइस्क्रीम पटकन विरघळून खाली सरकतात, पोट भरल्याची खूणच देत नाहीत. पनीर किंवा चिकनचे चार तुकडे खाल्ले की छातीपाशी दाब जाणवतो, फरसाणाने तो जाणवत नाही. ऑपरेशनने ताटातलं जेवण आवरतं, डब्यातलं तोंडात टाकणं आवरत नाही. वजन परत चढण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ते सर्जनच्या टेबलावर सापडत नाही, या वहीत सापडतं.

तीन बैठका झाल्यावर स्वतःला विचारा: लाज वाटेल अशी एखादी गोष्ट मी इथे सांगू शकलो का? उपदेश किती मिळाला? ‘इच्छाशक्ती वाढवा’ हे वाक्य तीनदा ऐकलं असेल तर जागा चुकली आहे. दर वेळी आधी वजनकाट्यावर उभं करणाऱ्या थेरपिस्टला कारण विचारा. ते काम फॉलो-अप क्लिनिकमध्ये होतच असतं.

ऑपरेशननंतर कधी काय होतं

बैठकांचं वेळापत्रक या टप्प्यांना धरून लावलं तर पैसेही वाचतात.

पहिले सहा आठवडे: पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. वरणाचं पाणी आणि ताक यांवर दिवस काढताना ‘उगाच केलं हे’ असं वाटून रडू येणं सर्रास घडतं. इतकी वर्षं दुःखात आणि आनंदात ज्याचा आधार होता ते खाणंच हातातून गेलेलं असतं. या काळात पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास पुरतो.

तिसरा ते बारावा महिना: वजन उतरतं, सगळे वाहवा करतात, थेरपीची गरज वाटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक बैठक ठेवा, पण तोडू नका. याच काळात काहींना आरशातला माणूस ओळखीचा वाटत नाही, लोंबणाऱ्या त्वचेची शरम वाटते. ज्यांनी लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलाय त्यांना वजन ही एक ढाल वाटत आलेली असू शकते. ते उतरल्यावर लोकांच्या नजरा आणि शेरे नकोसे होतात, जुन्या आठवणी वर येतात. आघातावर काम करण्याचा थेरपिस्टला अनुभव आहे का हे फोनवर विचारायला जमलं नसेल, तर इथे विचारा.

बारा ते चोवीस महिने: खरी परीक्षा. वजन थांबतं, थोडं चढतं. बैठका पुन्हा पंधरा दिवसांवर आणा. ऑपरेशनआधीच बाराव्या आणि अठराव्या महिन्याच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण त्या वेळी शरमेमुळे आपणहून फोन केला जात नाही.

दारूचा मुद्दा याच काळातला. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. स्लीव्हनंतरही सावधच राहावं. अमेरिकेतल्या दहा हॉस्पिटलांमधल्या सुमारे दोन हजार पेशंटांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारूच्या समस्येचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी ७.३, आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के. पहिल्या वर्षी काही झालं नाही म्हणून सुटलो, असं समजू नये. आधीची सवय थेरपिस्टला खरी सांगितलेली असेल तर तो दुसऱ्या वर्षी आपणहून विचारेल.

ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना काही पेशंटांत वाढतात, हेही अभ्यासांत दिसलं आहे. वजन उतरलं की सगळं सुटेल, ही अपेक्षा जितकी मोठी तितका हा धोका मोठा. तसे विचार आले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाणं हाही योग्यच मार्ग.

मनाचं वाटतं, पण शरीराचं असतं

थेरपिस्टला बॅरिॲट्रिकची किमान माहिती का हवी, याचं उत्तर या भागात आहे. बायपास होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या माणसाला जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, धडधड, थरथर, घाबरल्यासारखं होतं. अजाण थेरपिस्ट याला पॅनिक अटॅक म्हणून श्वासाचे व्यायाम देईल. जाणता विचारेल: ‘त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर बघितलीत का?’ ५४ च्या खाली आली असेल तर हा प्रश्न सर्जन आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टचा, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरचा. जेवणात गोड, भात, साबुदाणा जास्त झाला की हे हटकून होतं. उपासाच्या दिवशी खिचडी खाऊन धडधड होणं हे त्याचं घरगुती रूप.

उदास वाटणं, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या यामागे बी-१२ ची कमतरता असू शकते, आणि नुसत्या थकव्यामागे लोह. नैराश्याचं लेबल लावण्याआधी रक्ताचा ताजा रिपोर्ट बघितला गेला पाहिजे. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे सतत उलट्या. ‘टेन्शनमुळे होतंय’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. उलट्यांमुळे शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन, संपतं. मग दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ सुरू होतो. हे दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि बॅरिॲट्रिक सर्जरी झाली आहे हे ड्युटी डॉक्टरला आधी सांगा, कारण ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी किंवा सोबत थायमिन द्यावं लागतं.

गोळ्यांचं गणितही बदलतं. हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे एक्सटेंडेड रिलीज गोळ्या बायपासनंतर पूर्ण शोषल्या जात नाहीत, त्या साध्या प्रकारात बदलून घ्याव्या लागतात. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर पाणी कमी पडल्याने रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. त्याची तपासणी ऑपरेशनआधी आणि नंतरच्या आठवड्यांत वारंवार लागते. मिर्टाझॅपिन, ओलान्झापिन यांसारख्या गोळ्या वजन वाढवतात. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. सायकिॲट्रिस्टला ऑपरेशनची तारीख आणि प्रकार लेखी कळवायचा, सर्जनला गोळ्यांची यादी द्यायची. या दोघांत फोन होईल असं गृहीत धरू नका, तो तुम्ही घडवून आणा.

घरच्यांना एकदा सोबत न्या

ऑपरेशनआधी एक बैठक स्वयंपाकघर ज्याच्या हातात आहे त्याच्यासह घ्या. आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते, आणि पहिल्या महिन्यात चार चमचे खाऊन उठणारा माणूस घरच्यांना आजारी वाटतो. ‘अगं, एवढ्याने काय होतंय? एक घास माझ्या हातचा,’ हे वाक्य सासूबाई म्हणणार, हे धरून चाला. चांगला थेरपिस्ट त्यावरचं उत्तर बैठकीतच म्हणून घेतो: ‘आई, हा घास मला आत्ता जाणार नाही, उलटी होईल. तुम्ही बसा माझ्याजवळ, मी हळूहळू खाते.’ नकार आणि जवळीक, दोन्ही एका वाक्यात. तोंडपाठ होईपर्यंत म्हणा. गणपतीतला मोदक, लग्नाची पंगत, मित्रांबरोबरची मामलेदारची मिसळ, प्रत्येकासाठी असं एकेक वाक्य तयार हवं.

नवरा-बायकोच्या नात्यातही हालचाल होते. स्वीडनच्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर जोडीदारापासून विभक्त होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि एकट्या असलेल्यांत नवी नाती जुळण्याचंही. घाबरायचं कारण नाही, पण जोडीदार ‘आता तू बदललीस’ असं म्हणू लागला तर दोघांनी मिळून एखादी बैठक घ्यायची वेळ आली आहे.

पैसे, विमा, खासगीपणा

फीचा हिशेब एका बैठकीचा करू नका. वरच्या टप्प्यांप्रमाणे गेलात तर दोन वर्षांत साधारण पस्तीस-चाळीस बैठका होतात. फी गुणिले चाळीस, हा आकडा ऑपरेशनच्या बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा. न झेपणारी फी असेल तर कमी फीचा स्लॉट आहे का हे स्पष्ट विचारा, बरेच थेरपिस्ट असे दोन-चार स्लॉट राखून ठेवतात.

विम्याच्या नियमांप्रमाणे ऑपरेशनचा खर्च साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), आटोक्यात नसलेला टाइप-२ डायबेटिस यांसारखा आजार असेल तर ग्राह्य धरतात. भारतीयांसाठी डॉक्टर याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवतात, त्यामुळे ‘डॉक्टर हो म्हणाले, विमा नाही म्हणाला’ असं होऊ शकतं. थेरपीच्या बैठका ओपीडीत मोडतात. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं कव्हर आहे का ते पाहा आणि प्रत्येक बैठकीची, नोंदणी क्रमांक छापलेली पावती घ्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा आणि आपली कागदपत्रं मिळण्याचा हक्क दिला आहे. तुमच्याविषयी ‘काय चाललंय’ असं क्लिनिकला फोन करून विचारणाऱ्या नवऱ्याला किंवा वडिलांना तुमच्या संमतीशिवाय काही सांगितलं जाऊ नये. पेशंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न विचारता तुमचं नाव आलं, आधीचा-नंतरचा फोटो टाकला गेला, तर लगेच हरकत घ्या.

थेरपिस्ट बदलायचा झाला तर

माणूस पटला नाही तर बदलण्यात गैर काही नाही. फक्त गायब होऊ नका. शेवटची एक बैठक घ्या आणि एक-दोन पानांचा सारांश मागा: निदान, वापरलेली पद्धत, किती बैठका, काय बदललं, काय राहिलं, चालू गोळ्या, धोक्याच्या खुणा. सोबत तपासणीच्या अहवालाची प्रत, ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा. नव्या थेरपिस्टकडे ही फाइल पहिल्या बैठकीच्या दोन दिवस आधी पोहोचवा, म्हणजे तो पहिलाच तास पुन्हा ‘वजन कधीपासून वाढलं’ यात जाणार नाही. थेरपिस्टच गाव सोडून किंवा बाळंतपणाच्या रजेवर जात असेल, तर पुढचं नाव त्यांच्याकडूनच घ्या आणि शक्य असल्यास एक बैठक तिघांची करून मागा.